टाचेतले तीन पितळी खिळे

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी एका गिऱ्हाइकाने जुन्या बुटांची जोडी दुकानाच्या फळीवर ठेवली, आणि उजव्या बुटाचा सोल कुणी हात न लावता सुटून जमिनीवर पडला. पडताना फारसा आवाज झाला नाही. थोडा पिवळसर भुगा तेवढा उडाला.

दुकान बूटदुरुस्तीचं होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. फळीमागे बसणाऱ्याला सगळा बाजार ‘बुटवाले काका’ म्हणायचा. वय अडुसष्ट. त्यातली चव्वेचाळीस वर्षं याच स्टुलावर गेलेली. समोरचं गिऱ्हाईक ओळखीचं होतं. वाचनालयातून निवृत्त झालेले ग्रंथपाल.

“घ्या! तुम्हाला बघून त्यानेच मान टाकली,” ग्रंथपाल म्हणाले.

काका हसले नाहीत. त्यांनी वाकून सोल उचलला आणि उलटा केला. टाचेच्या कडेला तीन बारीक पितळी खिळे होते, त्रिकोणात ठोकलेले. त्या खिळ्यांनी सोल धरून ठेवलेला नसतो. तो चिकटवलेला असतो. खिळे म्हणजे काकांची सही होती.

“मी कधी बसवला होता हा?”

“अकरा वर्षं झाली असतील. पण घातलेत कुठे हो? गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बूट कपाटात गेले ते गेले. बघा ना, वरून अगदी नवे.”

“वरून,” काका म्हणाले.

त्यांनी सोलच्या मधला फोमचा थर अंगठ्याने दाबला. वाळलेल्या पावासारखा तो आत गेला आणि वर आला नाही. ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. असले सोल वापरून झिजतात त्यापेक्षा न वापरता जास्त सडतात. दर हंगामात ते किमान दहा जणांना बजावायचे, की कपाटात पडलेले बूट थेट डोंगरावर न्यायचे नाहीत, आधी माझ्याकडे आणायचे, मी अंगठा लावतो आणि सांगतो. बाजारात त्या अंगठ्याला मान होता.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी या सोलचं एकच खोकं घेतलं होतं. बारा जोड. एक जोड ग्रंथपालांच्या बुटांना लागला होता. त्याच आठवड्यात, त्याच खोक्यातला दुसरा जोड त्यांनी बायकोच्या बुटांना बसवला होता. ते बूट या घडीला त्यांच्या मुलीच्या पायात होते, आणि मुलगी खिंडीच्या चढावर होती.

“काका, काय झालं? पाणी देऊ का?” ग्रंथपालांनी विचारलं.

“तुम्ही जरा पायरीवर बसता का? मला एक फोन करायचाय.”

मुलीचा फोन लागला नाही. लागणारच नव्हता. दरीत शिरलं की फोन मुका होतो तो थेट खिंडीच्या माथ्यावर, दगडांच्या ढिगाजवळ पुन्हा बोलतो. हे काकांनीच तिला आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला त्यांनी पलंगावर पांढरी चादर अंथरली होती. ही घरातली जुनी पद्धत. खिंडीत जायच्या आदल्या दिवशी सगळं सामान चादरीवर मांडायचं आणि मग जो जाणार नाही त्याने एकेक वस्तू उचलून विचारायचं, “हे कशासाठी?” ज्या वस्तूचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही ती चादरीवरून खाली. पद्धत काकांच्या बायकोने घातलेली. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि घरात हुकूम सोडायची, म्हणून काका तिला कप्तान म्हणत. पुढे शेजारीपाजारीही म्हणू लागले.

कप्तान त्यांना भेटली तीच मुळी या फळीवर. झिजलेले बूट ठेवून म्हणाली, उद्या सकाळी हवेत, खिंडीत जायचंय. काकांनी विचारलं होतं, खिंडीत असं काय आहे? ती बघतच राहिली. “डोंगराचे बूट दुरुस्त करता आणि डोंगर बघितला नाही? म्हणजे तुम्ही असे आचारी, की जे कधी जेवलेच नाहीत.” पुढच्या महिन्यात काका तिच्यामागून धापा टाकत चढत होते. त्यानंतर बावीस वर्षं, दिवस मोठे झाले की एका रविवारी, दोघं खिंडीत जाऊन यायची. मुलगी आठ वर्षांची झाल्यावर तिघं.

त्या रविवारांचं काकांना सगळं आठवायचं. पहिल्या बसमधल्या थंडगार सीटा. पायथ्याच्या चौकीच्या वहीत नाव आणि वेळ लिहिताना कप्तानचं वळणदार अक्षर. तिसऱ्या वळणानंतर चढ असा उभा व्हायचा की पुढच्या माणसाच्या फक्त टाचा दिसायच्या, आणि काका चढभर कप्तानच्या टाचेतले आपलेच तीन खिळे बघत चालायचे. ते चमकेनासे झाले की समजायचं, माती ओली आहे, पाय जपून टाकायचा.

आणि साडेअकराचा नियम. साडेअकरा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं, कारण दुपारी दोननंतर खिंडीतल्या हवेचा भरवसा नाही. एका वर्षी माथा चाळीस पावलांवर होता आणि घड्याळात साडेअकरा. कप्तान वळली. “अगं, चाळीस पावलं!” काका ओरडले. “मोजलीत ना? मग पुढच्या वर्षी तिथूनच मोजायला सुरुवात करा,” ती म्हणाली. काका उतारभर तिच्याशी बोलले नव्हते. सव्वादोनला चौकीच्या पत्र्यावर बोराएवढ्या गारा पडायला लागल्या, तेव्हा तिने फक्त डब्याचं झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं. आता बोललो तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल, एवढं कळण्याइतके काका शहाणे होते.

शेवटच्या खेपेला तिचे बूट नव्या सोलचे होते. त्याच हिवाळ्यात ती आजारी पडली आणि उठली नाही.

त्यानंतर काका खिंडीत गेले नाहीत. पण दरवर्षी त्या रविवारी ते तिचे बूट कपाटातून काढायचे, कातड्याला तेल लावायचे, लेस धुऊन पुन्हा ओवायचे आणि बूट परत ठेवायचे. सोलला हात लावायचे नाहीत. सोलच्या खाचांत खिंडीतली तांबडी माती वाळून बसली होती. अंगठ्याने दाबलं असतं तर ती पडली असती.

म्हणून यंदा मुलगी म्हणाली, “बाबा, मी जाणार खिंडीत. आईचे बूट घालून,” तेव्हा काकांनी लगेच बूट काढून तिच्यापुढे ठेवले, आणि जे सगळ्या बाजाराला बजावायचे ते घरात करायचं राहून गेलं. मुलगी तीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिचा आणि आईचा पाय एकाच मापाचा.

बूट पायाला सरावलेले हवेत, हे दोघांनाही ठाऊक होतं. पंधरा दिवस ती रोज संध्याकाळी ते घालून इमारतीचे चार मजले चढत-उतरत होती. बाहेर बागेत गेली असती, पण काकाच म्हणाले, “जिनाच बरा. माती राहील.”

“बाबा, माती घेऊन जायची आणि मातीतच जायचं?”

“असू दे गं.”

आदल्या संध्याकाळी चादरीभोवती तिघं होती. काका, मुलगी आणि तिच्यासोबत जाणारी मैत्रीण. मैत्रीण औषधांच्या दुकानात कामाला होती आणि सहा फूट उंच, म्हणून तिला सगळे लंबू म्हणायचे. तिने स्वतःचं सामानही त्याच चादरीवर ओतलं होतं.

“हे कशासाठी?” काकांनी शिट्टी उचलली.

“हाक पोचत नाही तिथे शिट्टी पोचते,” मुलगी म्हणाली.

“किती वेळा वाजवायची?”

“सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, मग पुन्हा सहा.”

“हे?”

“अंगातला कोरडा सदरा. माथ्यावर घाम गार पडला की बदलायला.”

“आणि हा आरसा?”

“तो माझा,” लंबू म्हणाली. “काका, माथ्यावर फोटो काढायचा तर केस नकोत का नीट?”

“एका वाक्यात उत्तर दिलंस. ठेव.”

पाणी माणशी तीन बाटल्या. खजूर आणि दाणे. डोक्याला लावायचा दिवा, संध्याकाळच्या आत परतायचं असलं तरी. पट्ट्या आणि मलम लंबूकडे, त्या बाबतीत तिच्यावर सोपवलं की चिंता नव्हती. हवेचा अंदाज दोनदा बघून झाला होता. दुपारी ढग, संध्याकाळी पाऊस. शेवटी कप्तानच्या पद्धतीची चिठ्ठी. कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता वळणार, आणि चार वाजेपर्यंत चौकीवरून फोन आला नाही तर घरच्याने चौकीला फोन करायचा. चिठ्ठी फ्रिजवर लागली आणि चौकीत द्यायची तिची नक्कल मुलीच्या खिशात गेली.

मग काकांच्या हातात रुंद कापडी टेपचं बंडल आलं, आणि त्याला गुंडाळलेली वावभर, दोन्ही हात पसरले की मावेल एवढी दोरी.

“हे कशासाठी?”

“बुटाचा सोल सुटला तर बांधायला. आई न्यायची.”

न्यायची खरी. बावीस वर्षं न्यायची आणि दर वेळी काकांना चिडवायची. तुमच्या हातावर माझा भरवसा आहे हो, डोंगराचा तुमच्या हातावर आहे का ते मला माहीत नाही. बावीस वर्षांत ती टेप एकदाही लागली नव्हती. काका हे बाजारात अभिमानाने सांगायचे.

“माझ्या हातचा सोल आहे,” काका म्हणाले आणि बंडल खिडकीत ठेवून दिलं. “त्यापेक्षा एक बाटली पाणी जास्त ने.”

मुलीने एकदा खिडकीकडे आणि एकदा बापाकडे बघितलं. “बरं,” ती म्हणाली.

सकाळी पावणेपाचला दोघी निघाल्या. जिना उतरताना बुटांचा आवाज आला, आणि काका दारात उभे राहून तो शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिले. खिंडीकडे निघालेला तो आवाज अकरा वर्षांनी ऐकू येत होता.

नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी चौकीचा फोन लागला. चौकीदार नवा होता, कप्तानला ओळखण्याइतका जुना नाही.

“दोघी ना? एक उंच? हो, सात पाचला नोंद आहे. मजेत होत्या की. काका, चिठ्ठीवर चार लिहिलंय ना? आत्ता साडेनऊ झालेत.”

“चिठ्ठी राहू द्या. मी बुटाचं सांगतोय. तिच्या बुटाचे सोल कुजलेत. चढावर सुटणार.”

“तुम्हाला इथून कसं कळलं?”

“मीच बसवलेत.”

“असं कसं हो काका,” चौकीदार म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून काकांना ते जास्त लागलं. “हे बघा, वर जाणारं आत्ता कुणी नाही. दहाला खेचरवाला निघतो, पण मधल्या झोपडीपर्यंतच. झोपडीतल्या माणसाला सामान पोचवतो. तिथलं बिनतारी यंत्र बंद आहे, त्याची बॅटरीही त्याच्याच खेचरावर जातेय.”

“त्याच्याकडे टेप द्या. दोरी द्या. काहीही द्या. आणि उतरणारं कुणी भेटलं तर विचारायला सांगा.”

“देतो. पण त्याला झोपडीवर पोचायला बारा वाजतील. तोपर्यंत त्या वळल्या असतील की.”

वळल्या असतील. पण उतरायचं कशावर? चढताना सोल सुटला तर माणूस बसतो. उतरताना सुटला तर पाय घसरतो. ही गोष्ट काकांनी मोठ्याने म्हटली नाही.

ग्रंथपाल पायरीवर बसून सगळं ऐकत होते. “घरी जा,” ते म्हणाले. “दुकानाकडे मी बघतो. आयुष्यभर पुस्तकं सांभाळली, बूट काय पळून जातायत?”

घर चार मिनिटांवर होतं. काका त्या दिवशी सहा मिनिटांत पोचले, कारण जिन्यावर दोनदा थांबावं लागलं. टेपचं बंडल खिडकीतच होतं, त्यांनी ठेवलं तसंच. म्हणजे मुलीने गुपचूप नेलं असेल, ही येताना धरलेली आशा तिथे संपली. ते पलंगावर बसले. चादर अजून अंथरलेलीच होती आणि तिच्यावर जिथे बूट ठेवले होते तिथे तांबड्या मातीचे चार-पाच खडे पडले होते. काकांनी ते बोटाने गोळा करायला घेतले आणि मग हात मागे घेतला. कप्तान असती तर म्हणाली असती, माती जपलीत, आता बसा.

पाण्यासाठी ते स्वयंपाकघरात गेले. बाटल्यांच्या फळीवर चार बाटल्या होत्या. असायला पाच हव्या होत्या. मुलीने स्वतःच्या तीन नव्या बाटल्या आदल्या दिवशीच भरल्या होत्या, त्या या फळीवरच्या नव्हेत. काकांनी पुन्हा बघितलं. नव्हती ती कप्तानची पत्र्याची बाटली. जुनी, पोचे पडलेली, आणि मधोमध कापडी टेपचे सात-आठ वेढे दिलेली. बंडल हाताशी नसलं तर म्हणून कप्तान बाटलीलाच टेप गुंडाळून ठेवायची. काका तेवढं विसरले होते. बाप म्हणाला, एक बाटली जास्त ने, आणि मुलीने बापाचं ऐकलं होतं. कोणती न्यायची ते मात्र तिने विचारलं नव्हतं.

टेप अकरा वर्षांची होती. चव्वेचाळीस वर्षं चिकटवण्याचं काम केलेल्या माणसाला हे सांगता येत नव्हतं, की तिचा गोंद जिवंत आहे की मेला. सावलीत, कोरड्यात राहिली असली तर कदाचित. सात-आठ वेढे म्हणजे वावभर टेप. एका बुटाला पुरेल. दोन्हींना नाही.

ते फोनजवळ खुर्ची ओढून बसले. बसने चौकीवर जावं असं दोनदा मनात आलं. पण घरी राहणाऱ्याने फोन सोडायचा नाही, हाही कप्तानचाच नियम, आणि आज तिचे नियम मोडून काकांचं भागणार नव्हतं. साडेअकरा वाजले तेव्हा ते उठून उभे राहिले, जणू कुणीतरी वळलं आहे आणि आपण वाट द्यायला हवी. मुलगी माथ्यावर पोचली असती तर फोन आला असता. आला नाही. म्हणजे ती माथ्यावर पोचली नव्हती. एवढंच त्यातून कळत होतं.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला. चौकीदार होता. झोपडीतल्या बिनतारी यंत्रावरून खेचरवाल्याने निरोप दिला होता.

“काका, नीट ऐका. उतरणारी एक जोडी झोपडीवर भेटली. त्यांना वाटेत बुटाच्या सोलचा तुकडा सापडला. टाचेकडचा. उचलून आणलाय.”

“त्यात खिळे आहेत का विचारा.”

“आहेत. तीन. पिवळे.”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “त्या दोघी दिसल्या का?”

“दिसल्या म्हणतात. माथ्याच्या जरा खाली. अकरा वीसला. एक दगडावर बसून पायाला काहीतरी गुंडाळत होती, उंचवाली समोर बसून बूट धरत होती. यांनी विचारलं, मदत हवी का? तर म्हणाल्या, नको, होतंय. हसत होत्या म्हणे. आरशावरून काहीतरी चाललं होतं.”

“एक पाय की दोन्ही?”

“ते नाही बघितलं त्यांनी.”

“वर चालल्या होत्या की खाली?”

“काका, त्या बसल्या होत्या.”

खेचरवाल्याला टेप घेऊन झोपडीच्या वर जायला सांगितलं आहे, चौकीदार म्हणाला. तो कुरकुरला, पण खेचर झोपडीशी बांधून पायी निघाला आहे. बारा चाळीसला निघाला. माथ्याखालच्या दगडापर्यंत त्याला तास-दीड तास लागेल.

“हवा कशी आहे?” काकांनी विचारलं.

“इथे ऊन आहे. माथा दिसत नाहीये.”

एक वाजून दहा मिनिटांनी काकांनी खिडकीतलं टेपचं बंडल उचललं, मोकळं टोक नखाने सोडवलं आणि अंगठ्यावर एक वेढा घेऊन दाबून धरला. हे बंडलही बाटलीवरच्या टेपच्याच वर्षीचं होतं. मग त्यांनी अंगठा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला, जिना उतरताना पाऊल जसं वाकतं तसा. सत्तर वेळा वाकवेपर्यंत टेप सुटली नव्हती. ते पुढे मोजत होते.